पोलिसांनी थांबवल्यानंतरचा फॉर्म : तो भरायला किती वेळ लागतो आणि हे मोजायचं कसं

कॅलिफोर्नियात पोलिसांनी तुमची गाडी बाजूला घ्यायला लावली, लायसन्स बघितलं, वॉर्निंग दिली आणि जा म्हणाले, की तुमच्यापुरता विषय संपला. पोलिसाचा नाही संपत. तुम्ही गेल्यावर त्याला त्या स्टॉपची सगळी माहिती एका फॉर्ममध्ये भरावी लागते, कुठे थांबवलं, किती वाजता, का थांबवलं, माणूस कुठल्या वंशाचा वाटला, वय साधारण किती वाटलं, झडती घेतली का, काही सापडलं का, शेवटी काय केलं, असं बरंच काही, आणि चलान फाडलं असो की नुसतं बोलून सोडलं असो, फॉर्म दोन्ही वेळा भरायचाच. आता हा फॉर्म भरायला किती वेळ लागतो हा प्रश्न ऐकायला अगदी किरकोळ वाटतो, पण असे फॉर्म कुठे आणायचं ठरलं की वाद सगळ्यात आधी मिनिटांवरच येतो, आणि इंग्लंडमध्ये तर तेवढ्यावरून एका अख्ख्या फॉर्मची देशभरची सक्तीच गेलीय. म्हणून म्हटलं जरा नीट सांगावं की हा वेळ मोजतात कसा आणि मोजताना गडबड कुठे होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत काळ्या आणि लॅटिनो लोकांची कित्येक वर्षांची तक्रार आहे की रस्त्यावर आम्हालाच जास्त थांबवतात, कारण नसताना झडती घेतात. पोलिस खात्यांचं म्हणणं असायचं की आम्ही वागणं बघून थांबवतो, माणूस बघून नाही. दोन्ही बाजू ठाम आणि मधे आकडेच नाहीत, कारण चलान फाडलं तर नोंद राहते, पण थांबवलं, झडती घेतली, काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं, तर बऱ्याचदा कागदावर काहीच उरत नसे, आणि लोकांच्या मनाला सगळ्यात जास्त लागतात ते नेमके हेच स्टॉप. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं अशी नोंद सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं, पण तेव्हाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी ते व्हेटो केलं, खात्यांनी स्वतःहून नोंद ठेवावी असा त्यांचा आग्रह होता. मग थेट २०१५ साली शर्ली वेबर यांनी एबी ९५३ हे विधेयक आणलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यावर सही केली. या कायद्याचं नाव रेशियल अँड आयडेंटिटी प्रोफायलिंग अ‍ॅक्ट, पण सगळे त्याला नुसतं रिपा म्हणतात.

कायद्यात मुख्य मुद्दे लिहिलेत, पण फॉर्ममध्ये नक्की कुठले प्रश्न, कुठले पर्याय, हे ठरवायचं काम राज्याच्या न्याय विभागाकडे होतं. डिसेंबर २०१६ मध्ये नियमांचा पहिला मसुदा आला, त्यावर सूचना आणि हरकती आल्या, मग सुधारित मसुदा, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नियम पक्के झाले. या सगळ्या काळात पोलिस खात्यांकडून येणारा सगळ्यात जड आक्षेप एकच, आमच्या अधिकाऱ्यांचा वेळ जाईल. एवढे प्रश्न, एवढे पर्याय, रस्त्यावर गस्त घालायची की टाइप करत बसायचं? आणि हा आक्षेप मी तरी हसण्यावारी नेणार नाही, कारण शिफ्टमध्ये दहा-पंधरा स्टॉप करणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी पाच मिनिटं लागली तर तासभर खरोखरच जातो. प्रश्न एवढाच की पाचच मिनिटं लागतात हे कोणी मोजलं आणि कसं मोजलं.

कारण इथे एकेक मिनिट महाग आहे. जुलै २०१८ पासून सगळ्यात मोठ्या आठ खात्यांनी नोंद सुरू केली आणि पहिल्या सहाच महिन्यांत जवळपास १८ लाख स्टॉप नोंदले गेले. २०१९ मध्ये १५ खात्यांचे मिळून जवळपास ४० लाख. पुढे लहान खातीही टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२२ मध्ये पाचशेच्या वर खात्यांकडून ४५ लाखांहून जास्त नोंदी आल्या. आता ४० लाख धरले तरी प्रत्येक फॉर्मला एक मिनिट जास्त म्हणजे ४० लाख मिनिटं, म्हणजे साधारण ६६ हजार तास. एक माणूस वर्षाला दोन हजार तास काम करतो असं धरा, तर ही झाली ३३ अधिकाऱ्यांची वर्षभराची नोकरी. ६६ हजार तास असं छापलं की धडकी भरते, आणि ३३ अधिकारी असं छापलं की वाटतं एवढंच होय, कारण त्या १५ खात्यांपैकी एकट्या लॉस एंजेलिस पोलिस खात्यातच तेव्हा दहा हजारांच्या आसपास अधिकारी होते. आकडा तोच आहे बरं का, फक्त कुठल्या एककात सांगितला त्यावर वाचणाऱ्याचं मत फिरतं. त्यामुळे असला आकडा कोणी तुमच्यासमोर ठेवला की आधी त्याला एका स्टॉपवर आणा आणि मग विचार करा.

इंग्लंडमध्ये हेच झालं होतं. स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा १९९३ मध्ये लंडनमध्ये वंशद्वेषातून खून झाला, तपासात पोलिसांनी जी हेळसांड केली तिच्यावर मॅकफर्सन चौकशी बसली, आणि १९९९ च्या अहवालात एक शिफारस होती की पोलिसांनी रस्त्यात कोणालाही थांबवलं तर त्याची लेखी नोंद ठेवावी आणि त्या माणसाला तिची प्रत द्यावी. मग झडती न घेता नुसतं थांबवून विचारपूस केली तरी फॉर्म भरायचा असं सुरू झालं, त्याला स्टॉप अँड अकाउंट म्हणायचे. २००८ मध्ये पोलिस खात्यांचे तेव्हाचे मुख्य निरीक्षक सर रॉनी फ्लॅनगन यांनी पोलिसांच्या कागदी कामाचा आढावा घेतला आणि हा फॉर्म भरायला ७ मिनिटं लागतात हा आकडा त्यातून गाजला. तो लांबलचक कागदी फॉर्म आणि ७ मिनिटं, हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे सरकार बदललं, गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०११ मध्ये ही नोंद देशभर सक्तीची असण्याची अट काढून टाकली आणि झडतीच्या फॉर्ममधल्या नोंदीही कमी केल्या, आणि त्यातून पोलिसांचे वर्षाला ८ लाख तासांपर्यंत वाचतील असं सरकारनं सांगितलं. मला इथे खटकतं ते असं की त्या ७ मिनिटांत कुठल्या प्रश्नाला किती वेळ जातो, यावर वाद झालाच नाही म्हणावं इतका कमी झाला. ७ मिनिटांचं २ मिनिटांवर आणता येईल का हे बघण्याआधी नोंदीची सक्तीच गेली, आणि ती गेली की नुसती विचारपूस कोणाची किती होते हे देशपातळीवर कळायचा रस्ताही गेला.

आता फॉर्म जवळून बघू, नाहीतर हे सगळं हवेत राहील.

समजा सॅन होजेमध्ये संध्याकाळची वेळ आहे, एका गाडीचा मागचा दिवा बंद, पोलिसानं थांबवलं, दिवा दुरुस्त करून घ्या म्हणून सोडलं. तारीख, वेळ, ठिकाण ही पहिली माहिती. ठिकाण म्हणजे ब्लॉक नंबर आणि रस्ता, नाहीतर जवळचा चौक, हायवे असेल तर जवळचं एक्झिट. स्टॉप किती मिनिटं चालला ते. कोणाच्या कॉलवरून गेला होता की स्वतः बघून थांबवलं ते. मग त्या माणसाबद्दल, आणि इथे या फॉर्मची खरी गंमत नाही तर खरा जीव आहे : वंश, लिंग, वय, लैंगिक कल कुठला वाटला, इंग्रजी कमी येतं असं वाटलं का, काही अपंगत्व दिसलं का, हे सगळं अधिकाऱ्याला जे वाटलं ते भरायचं. विचारायचं नाही, लायसन्सवर बघून दुरुस्त करायचं नाही. कारण शोधायचंय ते भेदभाव होतो का हे, आणि भेदभाव समोरच्याबद्दल जे वाटतं त्यावर होतो, कागदावर काय लिहिलंय त्यावर नाही. मग थांबवण्याचं कारण. वाहतुकीचा नियम मोडला, पुढे त्यात प्रकार, चालवण्यातली चूक की गाडीच्या भागांमधला दोष की कागदपत्रांची भानगड, आणि मग कायद्याचं नेमकं कलम. दिव्यासाठी व्हेइकल कोड २४२५२. हे कलम तोंडपाठ असेल तर दोन सेकंद, नाहीतर कलमांच्या लांबलचक यादीत शोधत बसा. मग कारण स्वतःच्या शब्दांत, जास्तीत जास्त २५० अक्षरं, त्यात कोणाचं नाव, पत्ता असलं ओळख पटेल असं काही येता कामा नये. मग केलं काय, गाडीतून उतरवलं का, फुटपाथवर बसवलं का, बेड्या घातल्या का, झडती घेतली का. इथे काहीच केलं नाही, तर एक टिक आणि पुढे. शेवटी निकाल, तोंडी वॉर्निंग, आणि ती कुठल्या कलमाखाली.

दिव्याचा हा स्टॉप सरळ आहे. आता त्याच गाडीत मागे दोन जण बसलेत, गांजाचा वास आला असं अधिकाऱ्याला वाटलं, तिघांना खाली उतरवलं, झडती घेतली. एकदम माहिती तिप्पट, कारण प्रवाशांवर अशी कारवाई झाली की प्रत्येकाची नोंद वेगळी होते. झडती कशाच्या आधारावर घेतली ते पर्यायांतून निवडायचं आणि पुन्हा शब्दांत लिहायचं, काय सापडलं, जप्त केलं तर का आणि काय. म्हणजे एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याचा एक फॉर्म दीड मिनिटाचा आणि दुसरा पंधरा मिनिटांचा असू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे.

म्हणून सरासरी वेळ किती हा प्रश्न अर्धवट आहे. उदाहरण म्हणून मी मनचे आकडे घेतो. दहा स्टॉप आहेत, आठांना प्रत्येकी २ मिनिटं लागली, एकाला ६, एकाला २२. बेरीज ४४, सरासरी ४.४ मिनिटं. पण दहातले आठ फॉर्म २ मिनिटांत संपलेत! सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडल्या आणि बरोबर मधली घेतली, जिला मेडियन म्हणतात, तर ती येते २. विरोध करणारा म्हणणार साडेचार मिनिटं, बाजूनं बोलणारा म्हणणार दोन मिनिटं, आणि खोटं कोणीच बोलत नाहीये. पूर्ण खात्याचे मिळून किती तास जातील हे काढायचं असेल तर सरासरीच लागते, तिथे मेडियन चालत नाही. नेहमीच्या अधिकाऱ्याला नेहमीच्या स्टॉपला काय त्रास होतो हे बघायचं तर मेडियन. दोन्ही द्या, आणि साधा ट्रॅफिक स्टॉप, झडतीचा स्टॉप, एकापेक्षा जास्त माणसांचा स्टॉप असं वेगळं करून द्या, तेव्हा कुठे चित्र दिसायला लागतं.

त्याहून मोठा घोळ म्हणजे घड्याळ सुरू कधी करायचं आणि बंद कधी. सोपं वाटतं ना? स्क्रीन उघडली की सुरू, सबमिट केलं की बंद. पण अधिकारी फॉर्म तिथेच भरेल असं नाही, नियमाप्रमाणे शिफ्ट संपायच्या आत भरायचा असतो, अगदीच तातडीचं काही असेल तर त्यानंतर लवकरात लवकर. कोणी गाडी निघाली की लगेच भरतो, सगळं डोळ्यासमोर ताजं असतं, झटपट होतं. कोणी रात्री स्टेशनला येऊन सहा स्टॉप एकदम भरतो, मग तिसरा माणूस कुठला होता, किती वाजले होते, ते आठवायला वही चाळावी लागते, तो वेळ स्क्रीन उघडायच्या आधीचा असतो, टायमरमध्ये येतच नाही. आणि उलटंही होतं, फॉर्म उघडला, दोन प्रश्न भरले, रेडिओवर कॉल आला, तो निघून गेला, तासाभरानं येऊन पुरा केला, तर सिस्टीमच्या लॉगमध्ये हा फॉर्म तासाचा दिसणार. असले आकडे चूक म्हणून सरसकट काढून टाकले तर खरोखर वेळ खाणारे मोठे स्टॉपही त्याबरोबर जातात, आणि तसेच ठेवले तर सरासरी फुगते. यावर उपाय एकच चांगला वाटतो, स्क्रीनवर हात चालू असलेला वेळच मोजायचा, मधली शांतता वेगळी धरायची, आणि आठवायला किती वेळ गेला हे काही जणांना बरोबर बसून विचारायचं.

सबमिट केल्यावरही काम संपतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी वरिष्ठ अधिकारी फॉर्म बघतात, लिहिलेल्या मजकुरात कोणाचं नाव राहिलंय का हे तपासतात, मग तो राज्याच्या सिस्टीमकडे जातो, तिथे न जुळणाऱ्या गोष्टी पकडल्या जातात, म्हणजे झडती घेतली लिहिलंय पण आधार भरलेला नाही अशा, आणि फॉर्म दुरुस्तीला परत येतो. हा वेळ कोणाच्या खात्यात टाकायचा? अधिकाऱ्याच्या वेळेची चाचणी म्हणून नुसतं सबमिटपर्यंत मोजलं तर खरा भार कमी दिसतो. सगळं धरलं तर त्यातला बराच भाग फॉर्ममुळे नसून ढिसाळ सॉफ्टवेअरमुळे असतो, तो फॉर्मच्या माथी मारणंही बरोबर नाही.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, नवीन फॉर्म येण्याआधी तो अधिकारी काय करत होता. लॉस एंजेलिस पोलिस खात्यावर २००१ पासून केंद्रीय न्याय खात्याबरोबरच्या करारानुसार स्टॉपची नोंद ठेवायचं बंधन होतं, म्हणजे तिथला अधिकारी रिपाच्या आधीपासूनच काही ना काही भरत होता. तिथे मोजायला हवा तो वाढीव वेळ. शून्यापासून मोजलेला वेळ सांगणं म्हणजे जुनं कामही नव्या कायद्याच्या अंगावर घालणं. तसंच चलान फाडताना वेळ, ठिकाण, कलम आधीच एकदा लिहिलेलं असतं, डिस्पॅचच्या, म्हणजे रेडिओवरून गस्तीच्या गाड्यांशी बोलणाऱ्या नियंत्रण कक्षाच्या, सिस्टीममध्येही स्टॉप सुरू आणि बंद झाल्याची वेळ असते. तीच माहिती तिसऱ्यांदा टाइप करायला लावली तर चाचणीत जो वेळ दिसेल तो आपल्याला किती माहिती हवी आहे यापेक्षा सिस्टीम एकमेकींशी किती कमी बोलतात हेच जास्त दाखवेल.

चाचणी घ्यायच्या पद्धती साधारण तीन. एक, वर्गात बसवून प्रसंग वाचायला द्यायचा आणि फॉर्म भरायला लावायचा. हे स्वस्त, सगळ्यांना तोच प्रसंग, त्यामुळे अधिकाऱ्या-अधिकाऱ्यात तुलना चांगली होते, पण रात्र नाही, पाऊस नाही, पाठीमागून सुसाट जाणाऱ्या गाड्या नाहीत. दोन, खऱ्या शिफ्टमध्ये काही आठवडे वापरून बघायचं, कोणीतरी बरोबर बसून स्टॉपवॉच धरायचं. हे सगळ्यात खरं, पण बाजूला कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस जास्त काळजीनं भरतो, आणि शिवाय आपलं म्हणणं मांडायचं असेल तर सावकाशही भरू शकतो. तीन, सॉफ्टवेअरलाच मोजू द्यायचं, हजारो फॉर्म मिळतात, पण वर सांगितलेला मधल्या शांततेचा घोळ राहतो. माझं मत विचाराल तर एका पद्धतीवर विसंबून राहूच नये, तिसऱ्या पद्धतीचा मोठा आकडा घ्यावा आणि दुसरीनं त्याची पडताळणी करावी.

आणि चाचणी किती दिवस चालली हे नक्की विचारा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण चाचपडतो, पर्याय कुठे आहे ते शोधतो, कलमांची यादी खालीवर करतो. महिन्याभरानं बोटं आपोआप चालतात. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांवरून वर्षाचे तास काढले की आकडा हमखास फुगलेला येणार. कागदी फॉर्मवर केलेली चाचणी घेऊन गाडीतल्या कॉम्प्युटरवरच्या किंवा फोनवरच्या फॉर्मबद्दल बोलणं हाही तसलाच प्रकार, कागदावर ज्या प्रश्नांशी आपला संबंध नाही ते डोळ्यांनी ओलांडत जावं लागतं, अ‍ॅपमध्ये झडती नाही म्हटलं की त्या पुढचे सगळे प्रश्न समोर येतच नाहीत.

तर मग वेळ खरोखर कमी कसा करायचा? सॅन डिएगो काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरिफ खात्यानं, म्हणजे काउंटीच्या पोलिसांनी, स्वतः एक अ‍ॅप बनवलं आणि ते इतर खात्यांनाही वापरायला दिलं, हा मला या सगळ्यातला फार शहाणपणाचा भाग वाटतो, कारण प्रत्येक खात्यानं वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊन वेगळ्या चुका करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ठिकाण जीपीएसवरून घ्या, वेळ डिस्पॅचमधून घ्या, अधिकारी रोज वापरतो ती दहा-बारा कलमं यादीत वर ठेवा. यात माहिती तेवढीच राहते आणि मिनिटं गळतात. मात्र हाच मोह एका ठिकाणी घात करतो. लायसन्स स्कॅन करून वय आणि लिंग आपोआप भरून टाकलं तर फॉर्म झकास लवकर होईल, पण मग अधिकाऱ्याला काय वाटलं ही नोंदच उरणार नाही आणि ती नसेल तर बाकीचा फॉर्म भरून उपयोग काय? तसंच अपंगत्व नाही, इंग्रजी येतं, असे पर्याय आधीच टिक करून ठेवले की कोणी बदलायला जात नाही आणि कागदावर राज्यातले सगळे धडधाकट आणि अस्खलित इंग्रजी बोलणारे होतात. शब्दांत कारण लिहायच्या जागेबद्दलही लोक म्हणतात ती काढून टाका, तिथेच वेळ जातो. जातोच वेळ. पण तिथेच तर कळतं की संशयास्पद वागणूक म्हणजे नक्की काय बघितलं होतं.

वेळेबरोबर फॉर्म खरा भरला का हे मोजलं नाही तर अख्खी चाचणी वाया. सगळ्यात कमी वेळ लागणारा फॉर्म म्हणजे न भरलेला फॉर्म. आणि हे तोंडानं बोलण्यापुरतं नाही, लॉस एंजेलिस काउंटीत शेरिफ खात्यावर बाहेरून देखरेख ठेवणाऱ्या इन्स्पेक्टर जनरलनी २०२२ मध्ये तिथल्या शेरिफ खात्याच्या नोंदी डिस्पॅचच्या नोंदींशी ताडून बघितल्या तेव्हा एका वर्षात ५० हजारांहून जास्त स्टॉप राज्याला कळवलेच गेले नव्हते असं निघालं. म्हणजे तिथे कोणी नुसती वेळेची चाचणी घेतली असती तर ती फक्त भरलेल्या फॉर्मवर झाली असती. म्हणून चाचणीत दोन गोष्टी हव्यातच : जेवढे स्टॉप झाले तेवढे फॉर्म आले का, हे डिस्पॅचवरून, आणि फॉर्ममध्ये जे लिहिलंय तेच घडलं का, हे थोड्या फॉर्मसाठी अधिकाऱ्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघून. ४० सेकंदांत फॉर्म भरणारा अधिकारी तरबेज असू शकतो, नाहीतर प्रत्येक वेळी पहिलाच पर्याय दाबत जाणारा असू शकतो, आणि टायमरला यातला फरक कळत नाही.

यात पैशाचाही भाग आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेप्रमाणे राज्यानं स्थानिक सरकारवर नवीन काम लादलं तर त्याचा खर्च राज्यानं भरून द्यायचा असतो, आणि रिपाच्या बाबतीत शहरं-काउंट्यांनी तो दावा केलाही. मग मिनिटांचा हिशेब थेट बिलात येतो. शहराला मिनिटं जास्त दिसलेली बरी आणि राज्याला कमी, त्यामुळे मोजणारा दोघांपैकी कोणाचाच नसेल तर उत्तम, विद्यापीठातली मंडळी असतील किंवा ऑडिटर असतील, पण ज्याच्या खिशात फरक पडतो तो स्टॉपवॉच धरणारा नको.

आणि कष्ट घेऊन हे सगळं भरल्यावर मिळतं काय? पहिल्याच सहा महिन्यांच्या आकड्यांत दिसलं की त्या आठ खात्यांनी थांबवलेल्यांमध्ये साधारण १५ टक्के लोक काळे होते आणि तिथल्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होतो असं मी म्हणत नाही, कोण किती गाडी चालवतं, कुठल्या भागात गस्त जास्त, हेही बघावं लागतं. पण झडती कोणाची जास्त घेतली आणि त्यात सापडलं कोणाकडे जास्त, हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात, उजेडातले आणि अंधारातले स्टॉप वेगळे करून बघता येतात, कारण अंधारात चालक कोण ते थांबवायच्या आधी दिसत नाही. हे सगळं करता येतं ते झडतीच्या आधाराचा प्रश्न, सापडलं का हा प्रश्न, अचूक वेळेचा प्रश्न फॉर्ममध्ये टिकले म्हणून. मिनिटं वाचवायच्या नावाखाली यातला एक जरी उडाला असता तर ती तुलना कायमची गेली असती.

तिथल्या मराठी लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या फॉर्ममध्ये वंशाच्या पर्यायांत आशियाई हा एक आणि मध्यपूर्व किंवा दक्षिण आशिया हा दुसरा, असे वेगळे ठेवलेत. म्हणजे फ्रीमाँट, सनीवेलमधल्या आपल्या माणसाला थांबवलं तर अधिकाऱ्याला तो जसा वाटला तशी नोंद होते, भारतीय म्हणून बहुतेक दुसऱ्या रकान्यात, पण तो लॅटिनो वाटला तर तिथे, आणि आपल्याकडचे रंग-रूप बघता हे सहज होऊ शकतं. पर्याय जेवढे जास्त तेवढा वेळ जास्त असं म्हणून हे दोन रकाने एकत्र करून टाकले असते तर एक-दोन सेकंद वाचले असते आणि आपल्या लोकांचं काय होतं हे चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो लोकांच्या आकड्यात मिसळून गेलं असतं.

हा डेटा न्याय विभागाच्या ओपनजस्टिस या साइटवर आहे, नावं नसतात, अधिकाऱ्याचीही नाहीत, कोणालाही उतरवून घेता येतो. त्यात स्टॉप किती मिनिटं चालला हे प्रत्येक ओळीत आहे, म्हणजे माणूस रस्त्याच्या कडेला किती वेळ उभा होता ते कळतं. फॉर्म भरायला किती वेळ लागला हा रकाना मात्र त्यात नाही. माझं म्हणणं आहे की तो असावा, अधिकाऱ्याला काही भरायला लावू नका, सॉफ्टवेअरनंच स्क्रीनवर हात चालू असलेली मिनिटं गुपचूप जोडावीत. मग दरवर्षी कोणालाही बघता येईल की कुठल्या खात्याला किती लागतात, तोच फॉर्म एका काउंटीत दोन मिनिटांत होतो आणि शेजारच्या काउंटीत सहा मिनिटं घेतो तर दोष प्रश्नांचा की सॉफ्टवेअरचा, आणि २०२४ पासून नवीन नियमांनी जे प्रश्न आणि पर्याय वाढवले, जसं की थांबवण्याचं कारण त्या माणसाला आधी सांगितलं का, त्यांनी नक्की किती सेकंद वाढले.